जमादाराच्या मुलीची साक्ष

बाबा,

तुम्ही ठाण्यात जमादार असताना तुमच्या हाताखाली शिपाई म्हणून लागलेल्या त्या मुलाला परवा यवतमाळच्या कोर्टात जन्मठेप झाली. खुनाच्या गुन्ह्यात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तो पुढे परीक्षा देऊन फौजदार झाला आणि शेवटी ठाणेदार होऊन आपल्याच गावात आला, हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत मीही होते. तिथे तुमचाही विषय निघाला. तो कसा निघाला ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं असं वाटतं.

तो नवा होता तेव्हा खोली मिळेपर्यंत आपल्याकडेच जेवायचा. पोलीस लाइनीतली आपली मागची खोली आठवते. आई भाकर थापते आहे, तो भिंतीला टेकून बसला आहे आणि जवसाच्या चटणीवर तेल ओतून घेत म्हणतो आहे, "काकू, घरच्यासारखीच हाय." वयाने मोठा असून मला ताई म्हणायचा. घरच्या कापसात आणि तुरीत राबून आलेले त्याचे हात भेगाळलेले होते. तुम्हाला तो आवडायचा. एका दुपारी मात्र तुम्ही त्याला दंडाला धरून घरी आणलंत. त्याचा कमरेचा पट्टा तुमच्या हातात होता. ठाण्यात कोणीतरी खाली पडल्यावरही तो मारत राहिला होता. तुम्ही दार लावून घेतलंत आणि आवाज न चढवता बोललात, "मी मारतो ते गुन्हा कबूल करवाले. तू मारून राह्यला ते तुले बरं वाटते म्हून. समजला फरक?" त्याने मान हलवली. तव्यावरची भाकर जळाली तरी आई हलली नाही. मग तुम्हीच त्याला म्हणालात, "बस. जेव." मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला होता.

आणि दुसरा एक दिवस आहे. त्याबद्दल आपण घरात कधीच बोललो नाही. आईने डबा देऊन मला ठाण्यात पाठवलं होतं. समोर कोणी नव्हतं म्हणून मी मागच्या व्हरांड्यात गेले. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. एक माणूस पालथा होता, दोघांनी त्याचे पाय वर धरले होते आणि तळव्यांवर पट्टा पडत होता. पट्टा तुमच्या हातात होता. मी डबा तिथेच ठेवून पळाले. मोटरपंप चोरल्याचा संशय होता म्हणे. पुढे खरा चोर दुसराच निघाला. काही महिन्यांनी तोच माणूस बाजाराच्या दिवशी पेरू विकायला बसला होता. आईने भाव विचारला तर पैसे घेईना. माझ्या ओंजळीत पेरू घालत म्हणाला, "जमादार साहेब बरे हायेत ना? त्यायले सांगजा, मी इचारत होतो." हसत होता, पण उठून उभा राहिला तेव्हा पाय अजून जपून टाकत होता. ते पेरू मी नाल्यात टाकले. घरी तुम्ही विचारलंत, कायले रडून राह्यली, तर सांगितलं, काटा रुतला.

तर हा मुलगा ठाणेदार होऊन आला. आल्याबरोबर आईच्या पाया पडायला घरी आला. गावातही त्याचं नाव झालं. कॉलेजच्या रस्त्यावर मुलींच्या मागे फिरणारी पोरं त्याने सुतासारखी सरळ केली, सट्टेवाल्यांची दुकानं बंद पाडली. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिथेही बायका म्हणायच्या, असा साहेब पाहिजे. मलाही बरं वाटायचं, आपल्या घरचं जेवलेला आहे म्हणून.

मग गोदामातून सोयाबीनची पोती चोरीला गेली, आणि तांड्यावरच्या एका तरुणाला संशयावरून उचललं. मालाचा ऑटो चालवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची जीप दवाखान्यात आली. दोन शिपायांनी त्याला आणून टेबलावर ठेवलं. डॉक्टर शेजारच्या वॉर्डात होते. मी मनगट धरलं, मग मान पाहिली. थंड होती. चादर सारखी करायला गेले तर त्याचे पाय उघडे पडले. तळवे काळेनिळे होऊन सुजले होते, मांड्यांवर पट्ट्याचे वळ होते. दारात ठाणेदार उभा होता, टोपी काखेत धरून. म्हणाला, "ताई, चक्कर येऊन पडला हा. लॉकअपातच. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलावते."

तो जवळ आला. आवाज खाली आणला. "जमादार साहेबाची पोरगी हायेस तू. तुले सांगा लागते काय?"

बाबा, धमकी देताना तुमचं नाव घेतलं असतं तर मला राग आला असता. तो विनवत होता. त्याला खरंच वाटत होतं की आपण दोघं एकाच घरचे आहोत. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, प्रेत तपासणीसाठी यवतमाळला पाठवलं, आणि तपास वरच्या लोकांकडे गेला. डॉक्टरांनी साक्ष दिली, तशी मीही दिली.

साक्षीच्या दिवशी आई मला दारापर्यंत सोडायला आली होती. म्हणाली, "पाह्यलं तेवढंच सांगजो. जास्ती बोलू नको." मी तेवढंच सांगितलं. मग त्याचा वकील उभा राहिला. शांत माणूस, मला सिस्टर म्हणत होता. तुम्ही डॉक्टर नाही, म्हणाला. बरोबर. मग पडल्याच्या खुणा आणि मारल्याच्या खुणा तुम्हाला कशा कळल्या? मी म्हटलं, मी पोलीस लाइनीत वाढले, साहेब. मार खाल्लेली माणसं लहानपणी पाहिली आहेत. तो तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो किंचित हसला आणि म्हणाला, "पाहिली? कोणी मारलेली?"

कोर्टातला पंखा कुरकुरत होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून तो माझ्याकडे पाहत होता, डोळे विस्फारून, मान अगदी हळू हलवत. नको, असं म्हणत होता. स्वतःला वाचवण्यासाठी नसावं ते. तुमच्यासाठी होतं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

न्यायाधीशांनी मान वर केली. वकील खाली बसला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, जमादाराच्या मुलीने वडिलांबद्दल असं सांगितलं म्हणून. बाभुळगावच्या मामांचा फोन आला, "मेलेल्या माणसाले कोर्टात काहून ओढलं तू?" आईने माझ्याशी बोलणंच बंद केलं. मी ताट वाढायचे, ती जेवायची, ताट उचलून मोरीत ठेवायची. उन्हाळा तसाच गेला.

गेल्या आठवड्यात तो दोषी ठरला आणि शिक्षा काय यावर गाव फुटलं. चौकात त्याच्या बाजूने लोक बसले. ऑटोंच्या काचांवर त्याचे फोटो लागले. ज्याने पोरीबाळींना रस्त्याने चालता येईल असं केलं त्यालाच जेल? असं एक जण म्हणायचा. लगेच दुसरा, रखवालदारच मारतो तर त्याला दुप्पट शिक्षा पाहिजे, फाशी द्या. दवाखान्याच्या कँटीनमध्ये दोन वॉर्डबॉय यावरून एकमेकांच्या अंगावर गेले. एक बाई इंजेक्शन घ्यायला आली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दुसऱ्या सिस्टर नाही काय?" मी सुई ठेवली आणि दुसरीला बोलावलं.

शिक्षेच्या दिवशी मला जायचं कारण नव्हतं, तरी गेले. एसटीत त्या तरुणाची आई माझ्याच पुढच्या सीटवर होती. मला ओळखून सरकली आणि जागा केली. वाटेत एवढंच म्हणाली, आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात, मला तशी हाक मारणारा तो एकच होता. कोर्टाबाहेर दोन्हीकडच्या घोषणा चालल्या होत्या, मध्ये पोलिसांनी दोर धरला होता. एका वार्ताहराने माईक तिच्या तोंडाशी नेला. फाशी पाहिजे ना, मावशी? ती म्हणाली, "फाशीचं तुमीच पाहा. मले त्याच्या तोंडून आयकाचं हाय, काहून मारलं. इतक्या तारखा झाल्या, थो एकदाबी माह्याकडं पाहून बोलला नाही."

आत न्यायाधीशांनी त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. त्या तरुणाची आई उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता तरी तो तिच्याकडे वळेल. तो वळला नाही. समोर पाहत म्हणाला, "साहेब, मी ड्युटी केली. आमाले असंच शिकवलं." तुम्ही मला दिसलात तेव्हा, बाबा. दार लावून फरक समजावणारे तुम्ही. तुम्हाला वाटलं होतं की फरक सांगितला म्हणजे झालं. त्याने पट्टा लक्षात ठेवला. जन्मठेप वाचून दाखवली तेव्हा ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकलं. बाहेर दोन्ही घोळक्यांना राग आला होता, आणि पोलीस दोघांनाही मागे ढकलत होते.

घरी आले तर आई पायरीवर बसली होती. इतक्या महिन्यांनी बोलली. "फाशी त नाही ना देली?"

"नाही. जन्मठेप."

तिने श्वास सोडला. मग म्हणाली, "मले माहीत होतं, बाई. ठाण्यातून आले का तुह्या बाबाचे हात मीच शेकत होती." आणि आत जाऊन तिने दोघींचं ताट वाढलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पेटीत टाकलं नसतं. लोक म्हणतात, सख्ख्या बापाचं खरं सांगायला छाती लागते. दवाखान्यातली नवीन मुलगी तर माझ्या पाया पडायला निघाली होती. तिला मी थांबवलं, पण कारण सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही आज जिवंत असता, पेन्शन घेऊन बाहेरच्या खाटेवर पेपर वाचत बसला असता, तर वकिलाने विचारल्यावर मी म्हटलं असतं, आठवत नाही.