फणीने ओढलेली झूल

१४ ऑगस्ट ९७, शहागड
बैलाचं डावं शिंग आज तिसऱ्यांदा गळून पडलं. काव्यशास्त्र पचवलं, वीस वर्षं पेपरला बातम्या पाठवल्या, आणि बोटभर मातीपुढे हा पराभव. निषेध नोंदवून ठेवतो.
जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी हे काढलं : "हातांना काहीतरी घडवू द्या. माती, रंग, काहीही." म्हणून रोज सकाळी कौसाबाई कुंभारणीच्या ओसरीवर. ती पोळ्याचे बैल करते, मी तिची करमणूक.
"शास्त्रीबुवा, बैल करून राह्यले का बकरी?"
"तपासून कळवतो."

२१ ऑ.
डॉ.कडे. "रडलात का?" नाही. "झोप?" उत्तम. "भूक?" तीही. सगळं बराबर आहे हे ऐकून त्यांचाच चेहरा पडला.
निर्मलेला जाऊन पाच महिने. बायकोच्या निधनाची बातमी मीच पाठवली. स्मशानात अठरा माणसं. सवयीने लिहून गेलो, 'अफाट जनसमुदाय'. छापूनही आलं. तेव्हाही काही... असो.

२७ ऑ.
शिंग टिकलं. कौसाबाई म्हणे, "आता घरी न्या, पाठीवर झुलीची नक्षी वढा. फणीनं चांगली येती. अन् एकच का? पोळ्याला जोडी लागती. एकट्यानं जू कसं वढावं?"
हो म्हणालो. दुसरा केला नाही.
कोनाड्यात फणी होती. नक्षी ओढली. रेघा सरळ आल्या.

१ सप्टें., पोळा
वर्ष व्हायचंय, म्हणून घरात बैल पुजायचे नाहीत, पुरण नाही. बाहेर हलगी. मुलगी, मधू, सासरहून आली. बैल पाहून हसली.
"बाबा, किती गरीब तोंड केलंय! तुमच्यावर गेलाय."
मग उचलून उजेडात धरला. झुलीच्या रेघांत एक लांब केस, मातीत वाळून बसलेला. अर्धा काळा, अर्धा पांढरा.
"आईची फणी घेतली होती?"
"समोर होती."
"बघितलं पण न्हाई तुम्ही?"
तिथेच खाली बसून रडली. मी डोक्यावर हात ठेवला. मनात एवढंच, की रेघा मात्र सरळ आल्यात.

४ सप्टें.
मधू सकाळच्या एस.टी.ने गेली. जाताना, "जोडी पुरी करा, बाबा. माझ्यासाठी." कौसाबाईने मातीचा गोळा दिलाय, ओल्या फडक्यात. फडकं आज दोनदा भिजवलं. उघडलं नाही.
डॉ.ना सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो. सगळे धरून चाललेत की दुःख आत दाबलंय, कधीतरी बाहेर येईल. मला भीती वाटते, आत काही नसेलच. सव्वीस वर्षं एका घरात राहिलो, आणि नि.वर माझं प्रेमच नसेल.