उजवीकडे भोपळे, डावीकडे फुल्या

१२ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या सांगण्यावरून तुझ्या त्या मैत्रिणीकडे जाऊन कान तपासून आलो. कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. येईना, तेव्हा काचेतून तिचा हात बघून दाबणार होतो, पण तिने माझी खुर्ची आधीच भिंतीकडे फिरवून ठेवली होती.

निकालाच्या आलेखाची प्रत सोबत जोडली आहे. उजव्या कानाला ओळीने भोपळे, डाव्याला ओळीने फुल्या. पस्तीस वर्षं गणित शिकवताना पोरांच्या वह्यांत जे काढले, ते सगळे आता माझ्याच कानांवर आले. त्यात तो आलेखही उलटा, आकडे वरून खाली वाढतात. माझ्या वर्गात कोणी असा अक्ष काढला असता तर त्याला बाकावर उभा केला असता.

कानाचं मशीन मी लावणार नाही. दोष कानांचा नाही, तुझ्या आईचा आहे. ती तोंडातल्या तोंडात बोलते. 'काय' विचारलं की 'काही नाही' म्हणते. मी निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत आमच्यात बोलणंच उरलं नाही. संध्याकाळी फिरायला निघतो म्हणून ओरडून सांगतो, तर आतून नुसतं 'बरं, या' येतं. सोबत यावंसं तिला वाटत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण हे तिला कळवू नकोस. तिला जरा मोठ्याने बोलायला मात्र सांग.

तब्येतीला जप.

तुझा नापास बाबा


२० जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझ्या दवाखान्यात एकटीच हसत होते, शेवटाला मात्र हसू गेलं. बाबा, ते भोपळे नव्हेत. उजव्या कानाची खूण गोल आणि डाव्याची फुली, एवढंच. तुम्हाला जेमतेम ऐकू आलेल्या सगळ्यात हळू आवाजाची ती खूण. जितकी खाली, तितका आवाज वाढवावा लागला. आलेखाच्या डाव्या टोकाला जाडे आवाज, उजव्या टोकाला बारीक. जाड्या आवाजांत तुम्ही उत्तम पास आहात. अर्ध्यावर आल्यावर दोन्ही रेघा जिना उतरल्यासारख्या खाली जातात.

स, त, थ, ख ही मंडळी त्याच उतारावर राहतात. आईचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, पण शब्दांच्या कडा वाटेत गळतात आणि उरलेलं तुम्ही अंदाजाने भरता. पोरांना अंदाजाने उत्तर लिहू द्यायचात का?

आईचंही पत्र आलं आहे. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. आता फिरायला निघताना ओरडू नका. आत जा, तिच्यासमोर उभे राहा आणि तोंडाकडे बघून ऐका. या परीक्षेत बघून लिहिलेलं चालतं.

माया आहेच, रागावलात तरी ती कमी करू नका.

तुमची चिमणी


२८ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, की निघतो. ती भांडी विसळत होती. मान वळवून म्हणाली, 'थांबा, येते.'

हे 'थांबा, येते' कधीपासून म्हणतेस, असं विचारलं. तर म्हणे, पहिल्या दिवसापासून. हात पुसून, चपला घालून ती दाराशी यायची, तोवर मी कोपऱ्यावरून वळलेला असायचो. तिला वाटलं, मला एकट्यालाच जायचं असतं. काही महिन्यांनी तिने चपला घालणं सोडलं. म्हणायचं मात्र सोडलं नाही.

अशा किती संध्याकाळी गेल्या ते मी मोजायला बसलो आणि मोजणं सोडून दिलं. तिची माफी मागितली. ती 'काही नाही' म्हणाली, आणि या वेळी ते खरंच तसं होतं.

मशीनचं माप देऊन आलो आहे. तो आलेख भिंतीवर लावलाय, उलटा अक्ष माफ केला.

पत्र इथेच आवरतो. तुझी आई केव्हाची चपला घालून दारात उभी आहे, आणि आज 'थांब, येतो' मी म्हणालो आहे.

तुझा बाबा