कोळशाच्या खोलीतलं न्हाणीघर

गुरुवार, २७ ऑक्टोबर १९८८

चार महिने इथे एक अक्षर नाही. चूक माझी. कॉलेज, परीक्षा, पाहुणे — कारणं खोटी नाहीत, पण पुरेशीही नाहीत. असो!

न्हाणीघर बांधायचं ठरलं. आहे ते दुसऱ्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. आणि आबा, माझे सासरे, राहतात तळाला. वय एकोणऐंशी. रोज पहाटे अमृतराव घाटावर गंगास्नान. परवाच तिथल्याच पायरीवर घसरले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच अंघोळ. आबा म्हणाले, "कार्तिकात घरी अंघोळ आजारी माणसानं करावी!" आणि दुसऱ्या दिवशी पंचा खांद्यावर टाकून निघाले.

गॅस आल्यापासून खालची कोळशाची खोली रिकामीच आहे. मापली. सात फूट बाय पाच. भूगोल शिकवण्यात जन्म गेला — फुटाला एक इंच धरून तासाभरात नकाशा तयार! सुरेख दिसतोय. कागदावर.

शनिवार, २९ ऑक्टोबर

खोलीत खडूनं खराखुरा आकार आखला. इथे कमोड, इथे नळ, इथे बादली. उल्हास, माझा नवरा, बँकेतून आला तसाच त्याला पाटावर बसवलं, रिकामा तांब्या हातात दिला आणि म्हटलं, घे अंगावर. कोपर भिंतीवर आपटलं! "अगं, आबांची सोय करतेयस की माझा काटा काढतेयस?" नळ नऊ इंच सरकवला.

मग दार. आत उघडणारं दार असलं आणि आत माणूस पडला, तर ते उघडणार कसं? बाहेरच उघडायला हवं. शिवराम मिस्त्री रामनगरहून आला होता, तो कपाळाला हात लावून — "बहूजी, बाहर खुलेगा तो गलियारे में आदमी कहाँ से निकलेगा?" निघेल. बोळकांडीतून तिरका निघेल.

पण नळ किती उंचीवर? आबा बसून अंघोळ करतात की उभ्यानं? ज्याच्यासाठी बांधायचं त्याला आपण विचारलंच नाही! विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून नाही विचारलं. हे बरं नव्हे.

मंगळवार, १ नोव्हेंबर

पहाटे आबांच्या मागून गेले. गुपचूप. घाटावर देवळाच्या खांबाआड तासभर उभी.

आबा पाण्यात उतरलेच नाहीत. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले, तांब्यानं पाणी घेतलं, डोळे मिटून डोक्यावर ओतलं. असे अकरा तांबे. झालं स्नान. शेजारच्या नावेतला मल्लाह मला म्हणाला, "दो साल से पंडितजी नहीं उतरते. डर लगता है पानी से."

घरी येऊन चहा पिताना आबा — "आज बुडी काय झकास बसली!" मी म्हटलं, "हो का?"

दोन वर्षं! म्हणजे भीती आहे आणि भीतीची लाज आहे. आबांनी जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवलं, सगळा दूधविनायक मोहल्ला त्यांना ओळखतो. मी न्हाणीघर बांधलं तर गल्लीभर होणार, पंडितजींनी गंगा सोडली. आणि म्हाताऱ्या माणसाची अंघोळ चोरून बघणारी मी कोण? तरी माप घेऊन आलेच: बसून, तांब्या उजव्या हातात. लाज वाटली. लिहून मात्र ठेवलं.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

जेवताना खोटं बोलले. "न्हाणीघर माझ्यासाठी आहे. गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत." उल्हास — "कधीपासून?" त्याला चिमटा काढला. आबा भात कालवत म्हणाले, "तुझ्यासाठी असेल तर बांध की, सूनबाई. मला काय!"

आता ते वापरतील की माझं म्हणून दारातूनच परत फिरतील? नवीन न्हाणीघर रिकामं, आणि आबा पुन्हा त्याच पायरीवर!

शनिवार, ५ नोव्हेंबर

कोणत्या पायानं लंगडायचं ते सारखं विसरायला होतं.

रविवार, ६ नोव्हेंबर

सकाळी खालून हाक. जाऊन बघते तर आबा खडूच्या चौकटीत पाटावर बसलेले! डाव्या हातानं भिंत चाचपत होते. "इथे धरून उठायला दांडी लागेल. या उंचीवर. खूण कर."

मी केली. म्हटलं, "बरं झालं आबा, माझ्या गुडघ्यांना—"

"तुझे गुडघे ठणठणीत आहेत. मंगळवारी खांबाआड तासभर उभी होतीस ना?"

उद्या: शिवरामला आबांच्या दांडीची जागा दाखवणे.