पालथे कप

मामा,

गावच उठवलं, आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

गावातल्या त्या बैठकीत आमच्या कचेरीच्या साहेबांनी जंगल खाणीला देता का विचारलं, तेव्हा तू चहाचा कप पालथा घातलास. मग सगळ्यांनीच घातले. पाहुण्याला नाही म्हणायची आपली हीच रीत. साहेब म्हणाले, "कोणी बोललं नाही, म्हणजे हरकत नाही. लिही." मी त्यांची कारकून; आपल्यातली असूनही मुकाट्याने लिहिलं.

आज आंतरराष्ट्रीय मानवाधिकार समितीची माणसं तोच कागद घेऊन कचेरीत आली. मला विचारलं, "लोक खरंच तयार होते?" साहेब शेजारीच बसलेले. मी फक्त समोरचा कप पालथा घातला.

शिपायाने तो उचलून धुवायला नेला.

तोंड दाखवायला जागा नसलेली,
तुझी भाची