सरांच्या नावाचं स्टेडियम

३ फेब्रु.
क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. नव्या स्टेडियमला आमच्या फुटबॉलच्या सरांचं नाव नक्की. सर जाऊन दोन वर्षं झाली. गेटवरच्या शिलेसाठी चार ओळी मी लिहायच्या. "मॅडम, तुम्ही त्यांच्या लाडक्या." फोन ठेवून तोंड धुतलं.

५ फेब्रु.
शाळा सुटल्यावर बघून आले. निळ्या खुर्च्या, हिरवंगार गवत. गेटवर सरांचा फोटो दोन मजले उंच, हसतायत. आम्हा मुलींसमोर असे कधी हसले नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "गरिबांच्या मुलींना सरांनी मैदान दिलं, हे यायलाच हवं." मी हो म्हणाले. त्या 'हो'ची किळस येतेय.

६ फेब्रु.
'सर्वांना समान संधी' लिहिलं, खोडलं.
सुगंधा. कातकरी वाडीवरची, आमची राइट विंगर. तिच्या पायात होतं ते माझ्यात कधीच नव्हतं. राज्य संघाच्या निवडीला एकच मुलगी न्यायची होती. सरांनी तिला गाडी नऊची सांगितली आणि मला घेऊन सहालाच निघाले. बाबांनी कोन गावातली आमची जमीन सरावाला दिलेली, म्हणून मी. मला आदल्या दिवशीच माहीत होतं. पुढे त्या निवडीच्या जोरावर पी.टी.ची नोकरी. सत्तावीस वर्षं हे मी कुणालाच…

९ फेब्रु.
चिरनेरच्या पुढे वाडीवर गेले. सुगंधा वीटभट्टीवरून येऊन हात धूत होती. सगळं सांगितलं.
"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "ड्रायवरनं तवाच सांगितला."
"मग बोलली का नाहीस?"
"कोनाला? तू त गाडीत व्हतीस."
माफी मागितली. तिने ऐकून घेतली, एवढंच. मग म्हणाली, "खेल सरांनीच शिकवला, ता खरा हाय. पन दगडावर आमाला मैदान दिला असा लिवू नको."
चहा दिला.

११ फेब्रु.
चार ओळी पाठवल्या. सरांनी उत्तम शिकवलं, सुगंधाला फसवलं, तिच्या जागी मी गेले. अर्ध्या तासात सेक्रेटरी: "मॅडम, नोकरी आहे ना तुमची? कशाला उकरताय?"

१३ फेब्रु.
शिला बसली. 'गरिबांच्या मुलींचे दैवत'. खाली माझं नाव, 'लाडकी शिष्या'. मला विचारलंसुद्धा नाही. दुपारचं जेवण तसंच टाकून दिलं.

१४ फेब्रु.
आज उद्घाटन. मला बोलायला दोन मिनिटं.
सकाळीच सुगंधाचा फोन. "मी येतंय. मैदान बगायचाय मना."
सेक्रेटरींना कळवलं. म्हणाले, "मागच्या गेटने येऊ द्या, पुढे पाहुणे आहेत."
म्हटलं, ती माझ्या शेजारी बसेल. आणि मी काय बोलेन ते आत्ता विचारू नका.
मलाही अजून माहीत नाही. रिक्षा आलीय, तिला स्टँडवरून घ्यायचंय.