पडद्याचे श्वास

ती. मामांस,

तुमच्या तंद्रीचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं सध्या एकेक करून तपासायला शिकवताहेत, म्हणून नमस्कार जरा जपूनच केलाय.) मामींच्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांगा. तुमची तब्येत मात्र मुद्दामच विचारत नाही, कारण ‘ठणठणीत’ हे उत्तर तुम्ही प्रश्नाच्या आधीच तयार ठेवता. नर्सिंगच्या पहिल्याच धड्यात आम्हाला सांगितलं, की पेशंट सांगतो ते एका बाजूला लिहायचं आणि आपल्याला दिसतं ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींचं जुळेलच असं नाही. आपल्या घराण्यात पहिली बाजू कायम भरलेली आणि दुसरीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तपासणीचा क्रम साधारण असा: आधी नुसतं बघायचं, मग हात लावायचा, मग बोटाने ठोकून आवाज ऐकायचा आणि शेवटी स्टेथोस्कोपची नळी लावायची. बघणं मला छान जमतं. एकदा बघायला लागले की थांबवत नाही, एवढीच काय ती अडचण. ठोकण्याचा सराव घरी केला. पाण्याची टाकी झाली, कपाट झालं, दार झालं (पोकळ कुठलं आणि भरीव कुठलं हे आता डोळे मिटून सांगते), मग दुपारी पालथे झोपलेले बाबा सापडले. पाठीवर टकटक केल्याबरोबर त्यांनी झोपेतच सांगितलं, की दार उघडंच आहे, आत या. आई म्हणते, एवढं अगत्य त्यांनी जागेपणी कधी कुणाला दाखवलं नाही.

प्रात्यक्षिकाला मला मिळाले एक म्हातारे गायनमास्तर. श्वास मोजायची आमची एक युक्ती आहे. मनगट धरून ठेवायचं, नाडी बघतोय असं भासवायचं आणि गुपचूप छातीची वरखाली मोजायची. श्वास मोजतोय असं सांगितलं, की माणूस नेहमीसारखा श्वास घेतच नाही. (फोटोत हसा म्हटल्यावर तुमचं होतं तसं.) आणि मी, तुमची गुणाची भाची, त्यांना म्हणाले, “आता श्वास मोजते हं.” झालं. मास्तरांना किती दिवसांनी श्रोता मिळाला होता कोण जाणे. त्यांनी असा लांब, संथ, डौलदार श्वास घेतला, की मोजायचं सोडून मी बघतच राहिले. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, कॉटशेजारचा निळा पडदा वाऱ्याने फुगत होता, ओसरत होता, आणि सगळा वॉर्ड मिळून एकच श्वास घेतोय असं वाटायला लागलं. फार बरं वाटत होतं, मामा. भानावर आले तेव्हा मी पडद्याचे श्वास मोजत होते, आणि तोच आकडा बाईंना सांगून बसले, कुठून आला त्यासकट. बाईंना आम्ही पाठीमागे ‘पारा’ म्हणतो (झटकल्याशिवाय खाली येत नाही). त्या म्हणाल्या, या आकड्यावर माणूस काही जगत नाही, पडदा मात्र ठणठणीत आहे. आता सोमवारी पुन्हा परीक्षा.

तेव्हा आशीर्वाद असू द्या. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
तंद्री

ता. क. गेल्या वेळी तुम्ही निघालात तेव्हा मी बराच वेळ तुमचा हात सोडला नाही. पोरगी हळवी झाली असं वाटून तुम्ही टपली मारलीत. मी मोजत होते, मामा. तिथे पडदा नव्हता. जिना चढून येताना चपलेचा पट्टा लावायला तुम्ही दोनदा थांबलात. तुमच्या चपलांना पट्टाच नाही. बसून, पाणी पिऊन, गप्पा मारून झाल्या, तरी निघताना श्वास भरभरच चालला होता. मला भीती वाटली. शनिवारी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तुम्ही यायचंच. मामींना कळवलंय, की परीक्षेच्या सरावाला मामा हवेत. (ते काही अगदीच खोटं नाही.)

आणखी एक ता. क. हे वाचता वाचता तुम्ही आता लांब, संथ श्वास घेऊन बघत असाल. उपयोग नाही. माझं मोजून झालंय.