बाबा कॉमिक्स वाचतात

लालबाग,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सम्यक,

सप्रेम जयभीम.

तिकडे बंगळुरूत तू बरा असशील. आम्हीही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गणपती जाऊन आठवडा झाला तरी खाली मंडपाचे बांबू सोडायचं काम संपत नाही, दिवसभर नुसता खडखडाट. आईचा गुडघा तसाच आहे. चाळीच्या रिडेव्हलपमेंटची पुन्हा मीटिंग झाली आणि पुन्हा भांडणात मोडली.

पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू "बघतो गं ताई" म्हणतोस आणि ठेवतोस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात, पुढे काही नाही. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

बातमी अशी की बाबा कॉमिक्स वाचतात.

हस. मीही हसले होते. म्युनिसिपल शाळेत जन्मभर मराठी शिकवलेले, रोज संध्याकाळी विहारात चाळीतल्या पोरांची अभ्यासिका घेणारे आपले बाबा. "चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे" हे त्यांचं वाक्य तुला माझ्याहून जास्त ठाऊक. तेच बाबा आता सकाळी चहा झाला की खिडकीत बसतात आणि माझ्याकडे हात पुढे करतात.

ही कल्पना नूपुरची. नूपुर म्हणजे परळच्या हॉस्पिटलातली मुलगी, बोलण्याचा सराव करून घेते. तिने विचारलं, "घरी कॉमिक्स आहेत का हो? थोडे शब्द, बाकी चित्रं, असं काही?" मी म्हटलं, "आमच्या घरी?" मग दादरच्या एका रद्दीवाल्याकडून जुनी आठ-दहा घेऊन आले. कोल्हा-अस्वलाच्या गोष्टी, एक हिंदी जासूस, एक राजपुत्राची.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं आणि सरळ पानाच्या मधल्या चित्राकडे बघत बसले. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं, अरे, यांनी जन्मात कधी हे वाचलेलंच नाही. सुरुवात कुठून करायची हेच माहीत नाही. ज्याने मला बोट धरून ग म भ न शिकवलं, त्या माणसाचं बोट धरून मी वरच्या डाव्या चौकटीवर ठेवलं. "इथून, बाबा. मग उजवीकडे. ओळ संपली की खाली." फुग्याचं शेपूट ज्याच्या तोंडाकडे, तो बोलतोय. फुगा ढगासारखा असेल तर तो मनातल्या मनात. मागे रेघा ओढल्या असतील तर पळतोय. दोन चित्रांच्या मधल्या पांढऱ्या जागेत काय झालं ते आपणच समजून घ्यायचं. हे सगळं मला तूच शिकवलेलं, गॅलरीत बसून.

अस्वल मधाच्या पोळ्याला हात घालतं आणि पुढच्या चौकटीत तळ्यात उडी टाकतं. बाबा त्या दोन चित्रांवर बोट पुढे-मागे फिरवत राहिले. आणि एकदम खो खो हसले, सम्यक. मधमाश्या चित्रात कुठेच नव्हत्या, त्यांनी त्या स्वतः घातल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. आई पोळपाट सोडून बघायला आली.

तुला फोनवर मी "विसरभोळे झालेत" एवढंच सांगत आले. ते तसं नाही. डिसेंबरात ते अग्रलेख मोठ्याने वाचत होते आणि 'विधेयक' या शब्दाशी थांबले. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेले, पुन्हा तिथेच थांबले. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "आज छपाई खराब आहे." छपाई चांगली होती. त्यानंतर तासतास एकच पान धरून बसायचे, आम्हाला दिसावं म्हणून. डॉक्टरांनी फोटो काढले. मेंदूचा शब्दांचा भाग आधी जातोय, म्हणाले. मी विचारलं, थांबेल? ते म्हणाले, "सराव करत राहा." एवढंच. आता बाबांच्या तोंडी पंधरा-वीस शब्द असतील. चहा, आईला हाक मारताना कौसल्या, नको, चांगला, पुढं. असे.

यापुढचं लिहू की नको, या विचारात मघाशी उठून भांडी घासून आले.

तुझं पुस्तक, तू काढलेलं ते कॉमिक, त्यांनी वाचलं.

मी दिलं नाही. मी देणार नव्हते. आईने दिलं. चार वर्षांपूर्वी ते आलं, "माझी अब्रू वेशीवर टांगलीस, पुन्हा या दारात येऊ नकोस" असं बाबा तुला फोनवर म्हणाले, तेव्हापासून आईने ते पिठाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात माझ्या देखत काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, "आई, काय करतेस?" ती म्हणाली, "वाचू दे. आता येतंय ना वाचता."

ते हळूहळू वाचत गेले. चाळीचा जिना, नळावरची रांग, विहारातली सतरंजी, सगळ्यावर बोट फिरवलं. मग ते पान आलं. अभ्यासिकेतली सगळी पोरं बघताहेत आणि बाप मुलाची चित्रकलेची वही फाडतोय. तो अख्ख्या चौकटीभर पसरलेला, दातेरी कडांचा ओरडण्याचा फुगा.

बाबांनी त्या फुग्यावर तळहात ठेवला. पूर्ण झाकला. आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या पोराच्या डोक्यावरून हळूच फिरवत राहिले.

मी विचारलं, "बाबा, हा कोण?" त्या ओरडणाऱ्या माणसावर बोट ठेवून विचारलं. त्यांनी नीट बघितलं. म्हणाले, "वाईट."

"आणि हा?"

"बाळ."

आई मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ह्यांनी विसरून मोकळं व्हायचं आणि आपण लक्षात ठेवत बसायचं." तुला हे कोणत्या तोंडाने सांगू? तुला जे त्यांच्याकडून ऐकायचं होतं ते त्यांनी म्हटलं, पण ते म्हणताना त्यांना ठाऊकच नव्हतं की स्वतःबद्दल म्हणताहेत. याला काय म्हणायचं, मला कळत नाही. तुझा फोटो दाखवला त्यांना. "चांगला," म्हणाले. शेजारच्या धनेशला पण तसंच म्हणतात.

तेव्हापासून बाकी कॉमिक्स बाजूला पडली, रोज तेच पुस्तक. शेवटच्या पानावर पोरगा बॅग घेऊन जिना उतरतो आणि गोष्ट संपते. ते पान उलटतात, कोरा पुठ्ठा बघतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "पुढं?" मी म्हणते, "पुढे नाही बाबा, संपलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पुढं?" एकदा चिडून जेवले नाहीत. मी लपवून ठेवलंय असं त्यांना वाटतं. एकदा वैतागून मी तोंडाने सांगायला लागले, पोरगा मोठा झाला, लांबच्या शहरात गेला, तिथे चित्रं काढतो. बोलण्यातलं त्यांना काही कळलं नाही. नुसते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

आणि या आठवड्यापासून चौकटींचा क्रमही सुटायला लागलाय. वरून एकदम खाली जातात, मग मध्येच. मी बोट धरून मागे आणते, ते सोडवून घेतात. काल अस्वल तळ्यात पडलं त्यावर हसले नाहीत. नूपुरला विचारलं तर तिने नुसती पुढची तारीख लिहून दिली. पंचविशीतली पोर ती, तिला तरी काय विचारणार. मी ऑफिसातून दोन तास लवकर निघते, रोज त्यांच्याजवळ बसते, आणि रोज थोडं थोडं माझ्या देखत जातं. धरता येत नाही.

तू आलास तर ते तुला ओळखतील असं मी लिहिणार नाही. माफी मागतील असंही नाही, मागणारा माणूस आता घरात नाही. तुझा राग खोटा होता असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तो तू कुठे ठेवायचास ते मला सांगता येत नाही. फक्त, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. आईला या पत्राबद्दल माहीत नाही. यायचं ठरवलंस तरी तिला आधी कळवू नकोस, मग नाही आलास तर तिला ते सोसणार नाही.

'तुझी वाट बघणारी' असं लिहिणार होते. पण त्याचं तुला ओझं होईल, म्हणून नुसतंच,

ताई